२२ हजार प्लेटलेट्स, पण खऱ्या किती?

(दृश्य: ठाणे, नौपाडा. भर पाऊस. लॅबच्या दारात छत्र्यांची गर्दी.)

ऑगस्टमध्ये इथे सकाळपासून तापाच्या पेशंटची रांग असते. डेंग्यूच्या धास्तीने रिपोर्टमध्ये सगळे आधी प्लेटलेट्सच, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशीच, बघतात.

मशीनवर आता आकडा आलाय २२ हजार. नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख. नातेवाईक रक्तपेढीचा नंबर शोधू लागलेत. पण पेशंटच्या अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही. टेक्निशियन ताई रिपोर्ट अडवून ठेवतात आणि आधी ट्यूबमध्ये गुठळी आहे का ते बघतात. गुठळी नाही.

मग त्या काचेवर रक्ताचा थेंब ओढून पातळ थर, म्हणजे स्मिअर, करतात आणि त्यावर लीशमन स्टेन हा रंग टाकतात. मायक्रोस्कोपखाली, थराच्या शेपटाकडे, जांभळट ठिपक्यांचे पुंजकेच्या पुंजके दिसतात. प्लेटलेट्स भरपूर आहेत, फक्त एकमेकींना चिकटल्यात.

हे शरीरात घडलेलं नाही. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज त्याच्या सान्निध्यात प्लेटलेट्सना चिकटवतात. निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, लगेच मोजलं: १ लाख ४८ हजार. सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून गुणिले १.१. म्हणजे जवळजवळ १ लाख ६३ हजार!

मशीन फसलं कसं? वॉलेस कूल्टर यांना १९५३ साली पेटंट मिळालेलं तत्त्व आजही बऱ्याच मशीनमध्ये आहे. पातळ केलेलं रक्त बारीक छिद्रातून जातं, छिद्रातून वीज वाहत असते. पेशी जितकी मोठी, तितका विजेला अडथळा मोठा. या पद्धतीत पेशी कोणती हे ठरतं ते आकारमानावरून. पुंजका मोठा, म्हणून तो प्लेटलेट्समध्ये धरलाच जात नाही.

याच्या उलट चूक मला जास्त घातक वाटते. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. अशा रक्तातल्या अगदी लहान लाल पेशी आणि त्यांचे तुकडे प्लेटलेट्स म्हणून मोजले जाऊ शकतात. खरोखर कमी असलेल्या प्लेटलेट्स मग कागदावर पुरेशा दिसतात, आणि आकडा चांगला म्हटल्यावर शंका तरी कोण घेणार?

मशीन अशा वेळी बहुधा धोक्याची खूण दाखवतं. गर्दीच्या दिवशीही ती खूण दिसली की स्लाइड बघितलीच पाहिजे. तुमच्या रिपोर्टवर ‘स्मिअर तपासला’ असा शेरा नसेल आणि आकडा तब्येतीशी जुळत नसेल, तर लॅबला बेधडक विचारा.