लिटर म्हंजे किती गडवे?

नमस्कार श्रोतेहो. गावासाठी डॉक्टर कसे घडतात, यावर आज बोलायचंय. त्याहून जास्त, त्यांना घडवणाऱ्या शिक्षकांवर.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत सुरू केलं. सुशीलाबाई बापूंच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. तरी कॉलेज काढलं ते खेड्यात. तिथल्या प्रत्येक तुकडीला एक गाव मिळतं. मुलं पंधरा दिवस तिथे मुक्कामी राहतात, काही घरं वाटून घेतात आणि शिबिर उठल्यावरही त्याच घरांकडे जात राहतात. गावाला एखादा दिवस भेट देणं वेगळं. त्याच घरी परत परत जाणं वेगळं. हे ठरवावं लागतं वरच्या माणसाला, कारण वेळापत्रक त्याच्या हातात असतं.

माझं कॉलेज दुसरं, पण असंच एक शिबिर आमचंही होतं. माझ्या वाटच्या एका घरी लेकराला जुलाब लागले होते. मी अंगणात उभी राहून पाठ केलेलं सांगितलं, एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ती माउली शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, लिटर म्हंजे किती गडवे?"

मला गडवा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रात आम्ही तांब्या म्हणतो. (माझं तर ठाम मत आहे, की डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी वऱ्हाडीचा एक पेपर हवा. पोटात 'कळ' येते की 'मुरडा', हे कळल्याशिवाय तपासणार काय?)

आमच्या विभागप्रमुख मॅडम मागेच होत्या. त्या सरळ सारवलेल्या जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस खाली. सलाइनची रिकामी बाटली आण." अर्ध्या लिटरची बाटली, दोनदा भरून ओतली. तिच्या घरी लिटर म्हणजे एक गडवा आणि वर एक गिलास. चमचा पाहिला, तर घरात एकच, भाजी वाढायचा. मग पाच मिलीचं औषधाचं झाकण घेतलं, सपाट भरून सहा वेळा साखर, अर्धं झाकण मीठ. शेजारच्या घरी गेलो, तिथला गडवा मोठा! म्हणजे घरोघरी मोजणं आलं. मॅडम म्हणाल्या, "मग मोजा." दोन दिवस आम्ही सगळे तेच करत होतो. त्या दोन दिवसांची लेक्चरं त्यांनी रद्द केली.

पुन्हा सांगते श्रोतेहो, लेक्चरं रद्द केली. विभागप्रमुखाच्या सहीशिवाय हे होत नाही. चांगला विद्यार्थी एकटा हे करू शकत नाही.

वर्षाअखेर तोंडी परीक्षेला गेले, तर टेबलावर स्टेथोस्कोपशेजारी एक पितळी गडवा ठेवलेला. "यात किती मावेल? मोजून दाखव." त्या वर्षापासून गडवा दरवर्षी टेबलावर असायचा.

शिबिरानंतरच्या महिन्यात त्या घरी गेले, तेव्हा लेकरू अंगणात रांगत होतं. माउलीनं आपला गंज, म्हणजे पातेलं, आणून दाखवला. आतून, लिटरभर पाणी जिथवर येतं तिथे, खिळ्यानं रेघ मारली होती. आणि तिच्या ओट्यावर शेजारणींचे चार गंज रेघेसाठी येऊन पडले होते.