बंद शटरचा हिशेब

मंडळी, मला एक वाईट खोड आहे. शहराच्या मध्यवस्तीत बंद दुकान दिसलं की मी काचेला नाक लावून आत बघतो. फरशीवर धुळीचा थर, दाराच्या फटीतून सरकवलेली पाकिटं आणि त्या धुळीत पावलांची एकच रांग, आत गेलेली आणि तशीच परत आलेली. काचेवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी. लाल रंग उन्हाने गुलाबी पडलेला, फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे उडालेले. ज्याला भाडेकरूची खरोखर निकड असते, तो निदान आकडे तरी पुन्हा रंगवून घेतो.

आपण म्हणतो, धंदा बसला, गिऱ्हाईक मॉलकडे गेलं, ऑनलाइन गेलं. गेलंच आहे. पण मग भाडं उतरायला हवं होतं; ते का उतरत नाही? मालकाच्या वहीत डोकावून बघा. व्यापारी इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून धरतात आणि बँक त्या किमतीवर कर्ज देते. भाडं निम्म्यावर आणलं की इमारत कागदावर स्वस्त होते आणि तारण अपुरं पडतं. गाळा रिकामा ठेवला, तर जुन्या भाड्याच्या आशेवर कागदोपत्री किंमत टिकते. शिवाय आज स्वस्तात पाच वर्षांचा करार केला आणि उद्या एखादा बडा ब्रँड आला, तर हात चोळत बसायचं? काही देशांत रिकाम्या गाळ्याचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करून करही वाचवता येतो. तेव्हा मालक आळशी नाही, दुष्टही नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. त्याचा भुर्दंड रस्ता भरतो.

हा हिशेब कुणी नेमका ओळखला असेल, तर तो ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात. १९८९ साली तिथे भूकंप झाला, १३ माणसं गेली. १९९९ मध्ये पोलादाचा मोठा कारखाना बंद पडला. मुख्य रस्ते ओस. मार्कस वेस्टबरी नावाच्या तिथल्याच एका माणसाने रिकाम्या इमारती मोजल्या, त्या दीडशेच्या आसपास भरल्या. २००८ मध्ये त्याने ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही ना-नफा संस्था काढली. भांडवल नव्हतंच. त्याने बदलला फक्त कागद. भाडेकराराऐवजी तात्पुरता परवाना, तीस-तीस दिवसांचा. खरा भाडेकरू मिळाला की मालकाने नोटीस द्यायची, तोवर गाळा झाडलेला, विमा उतरवलेला आणि दिवा लागलेला. मालकाचं काहीच जाणार नव्हतं, त्यामुळे ‘नाही’ म्हणायला कारण उरलं नाही. दागिने घडवणारे, छायाचित्रकार, कपडे शिवणारे आत आले. प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं काढणाऱ्या ‘लोन्ली प्लॅनेट’ने २०११ साठी पाहावीत अशी जगातली दहा शहरं निवडली, त्यांत न्यूकॅसल होतं.

यात काटा आहे, तो लपवत नाही. ज्यांनी रस्ता जागा केला, त्यांनाच तीस दिवसांत गाशा गुंडाळावा लागायचा. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण शटर खाली असताना त्यांना उभं राहायला तेवढीही जागा नव्हती.

आता समजा, शटर उघडली. संध्याकाळी सहानंतर काय?

व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुकार. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात त्याचा ‘साउथडेल’ मॉल उघडला, वातानुकूलित, पूर्ण बंदिस्त, आपण आज मॉल म्हणतो तसा. अशाच मॉलनी जुनी बाजारपेठ खाल्ली. आणि तिला वाचवण्याचा आराखडाही ग्रुएननेच दिला! त्यानुसार अमेरिकेतल्याच कॅलमझू शहराने १९५९ मध्ये मुख्य रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना दिला. अनेक शहरांनी कित्ता गिरवला. १९९८ मध्ये कॅलमझूनेच त्यातला काही भाग पुन्हा गाड्यांना खुला केला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराने १९६४ ला केलेला असाच रस्ता २०१७ ला उघडला.

आणि कोपनहेगन? तिथला स्ट्रॉयेट हा बाजाराचा रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला तेव्हा दुकानदारांनी विरोध केला होता. तो रस्ता आजही माणसांनी फुललेला असतो. औषध एकच, मग गुण वेगळा का? कोपनहेगनच्या रस्त्याभोवती माणसं राहत होती, पायी आणि सायकलने येत होती. अमेरिकेतली माणसं उपनगरांत जाऊन बसली होती. गाडी काढूनच येणाऱ्याला तुम्ही गाडी आणू नका म्हणालात, तर तो येणारच नाही. नुसत्या फरशा, बाक आणि कारंजी टाकून वर्दळ येत नाही. उद्घाटनाचे फोटो तेवढे चांगले येतात.

मेलबर्नला हे कळलं. नव्वदीच्या सुरुवातीच्या मंदीत तिथली मध्यभागातली ऑफिसं ओस पडली होती आणि घरं होती जेमतेम काहीशे. १९९२ मध्ये महापालिका आणि राज्य सरकारने ‘पोस्टकोड ३०००’ योजना आणली; ३००० हा शहराच्या मध्यभागाचा पिनकोड. ऑफिसांची घरं करा, करात आणि शुल्कात सवलत घ्या, तांत्रिक मदत आम्ही देतो. दहा वर्षांत घरं हजारोंच्या घरात गेली. रात्री अकराला दूध लागणारा माणूस तिथे राहायला आला, म्हणून रात्री अकराला दुकान उघडं राहिलं.

घरं करायला वरचे मजले अनेक ठिकाणी पडूनच असतात. तिथे कुणी का राहत नाही म्हणून मी शोधत गेलो, तेव्हा उत्तर फार साधं निघालं. जिनाच नाही. दर्शनी भाग चार फूट जास्त रुंद मिळावा म्हणून दुकानदाराने रस्त्यावरचं जिन्याचं दार काढून टाकलेलं असतं. तळमजल्याचं भाडं वाढलं आणि वरचे तीन मजले खोक्यांना गेले. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टसारख्या शहरांत दोन-तीन इमारतींना मिळून एक जिना पुन्हा बांधायचा, हाच दुकानांवरच्या घरांचा मार्ग ठरला. तुमच्या डोळ्यांपुढे एखादा ओस रस्ता असेल, तर आराखडे मागवण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारा, जिना कुठे होता. बहुधा तो तुम्हाला ट्रायल रूमच्या मागे नेईल आणि प्लायवूडच्या भिंतीवर टकटक करून दाखवेल.