गोठ्यातून मणक्यात

पहाटेची वेळ. गोठ्यातली गाय सातव्या महिन्यात गाभडली आहे. वार अडकली आहे. मालक बाह्या वर सारतो आणि उघड्या हातानंच ती ओढून काढतो. बोटावर विळ्याची ओली जखम आहे.

काही आठवड्यांनी त्याला ताप यायला लागतो. संध्याकाळी चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी उतरतो. मग कंबर धरते. वैरणीचं ओझं उचललं म्हणून असेल, असं म्हणत तो मलम चोळत राहतो.

एमआरआयमध्ये कंबरेचे दोन मणके आणि मधली चकती सुजलेली दिसते. आपल्याकडे अशा वेळी आधी क्षयाचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. पण हा ब्रुसेलाही असू शकतो, म्हणजे गाभडलेल्या जनावराच्या वारेतून किंवा निरशा दुधातून माणसाला लागणारा जंतू. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी तापानं दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे कळायला १९०५ साल उजाडलं.

क्षय बहुधा छातीमागचे मणके धरतो, त्यांना खचवतो, कुबड आणतो. ब्रुसेला कंबरेत बसतो. मणक्याची पुढची वरची कड कुरतडतो, आकार मात्र बराचसा टिकतो. तरी नुसत्या चित्रावर विसंबता येत नाही. रक्ताची अ‍ॅग्लुटिनेशन चाचणी (जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी), कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून पाहणं, गरज पडली तर सुईनं काढलेला मणक्याचा तुकडा. नमुना पाठवताना प्रयोगशाळेला संशय कळवावाच लागतो. जंतू सावकाश वाढतो, आणि बेसावधपणे हाताळला तर तिथल्या तंत्रज्ञालाच लागण होते.

खरी फसगत पुढे आहे. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. अंदाजानं क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या तर रुग्णाला थोडा उतार पडतो, सगळे निर्धास्त होतात, आणि आजार आत तसाच राहतो.

नेमका उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन, जोडीला रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. मणक्यात आजार असेल तर किमान ३ महिने. शस्त्रक्रिया क्वचितच, नस दाबून पायातली ताकद जायला लागली तर.

या सगळ्याआधी ओपीडीत दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही: निरसं दूध पिता का? यंदा गोठ्यात कुठलं जनावर गाभडलं?

माणूस बरा होतो. गायीत मात्र हा जंतू बहुधा जन्मभर मुक्काम करतो. म्हणून लस द्यायची ती वासरांना: फक्त कालवडींना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, एकदाच. ती टोचणाराही हातमोजे घालूनच टोचतो, कारण लशीतला जंतू जिवंत असतो.