दिवा कुठे लागला, केव्हा विझला

श्रोतेहो, नमस्कार.

मातीत राहणारा एक सूत्रकृमी आहे, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक. प्रौढ उभयलिंगी कृमीत प्रजननपेशी सोडून ९५९ पेशी, त्यातल्या ३०२ चेतापेशी. केंब्रिजच्या जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून याच्या भ्रूणातली एकेक पेशी विभागताना पाहिली आणि १९८३ साली त्यांची सगळी वंशावळ प्रसिद्ध झाली. एवढ्या चिकाटीपुढे मी तरी हात जोडतो.

पण पेशी कुठून आली हे कळलं, तरी तिच्यात कोणतं जनुक जागं आहे हे कसं कळावं? पूर्वी कृमी मारून रंगवायचे. मग दिसायचा तो एकच क्षण.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मार्टिन चॅल्फींनी १९८९मध्ये एका व्याख्यानात जेलीफिशच्या हिरव्या उजळणाऱ्या प्रथिनाबद्दल ऐकलं आणि त्यांना आपला पारदर्शक कृमी आठवला. स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशींत मेक-७ नावाचं जनुक चालतं. जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, कुठे चालू व्हायचं ते तो ठरवतो. मेक-७चा हा तुकडा त्यांनी हिरव्या प्रथिनाच्या जनुकाला जोडला. निळा प्रकाश टाकला, तर जिवंत अळीच्या नेमक्या त्याच चेतापेशी हिरव्या उजळल्या! हे १९९४ सालचं. पुढे २००८मध्ये नोबेलही मिळालं.

‘कुठे’चं उत्तर असं मिळालं. ‘केव्हा’ मात्र अवघड, आणि मला खरी गोडी त्याचीच. हिरवं प्रथिन टिकाऊ असतं. जनुक थांबलं तरी ते पेशीत उजळत राहतं. शिवाय लिन-१४ जनुकाची गोष्ट पाहा. त्याचं प्रथिन पहिल्या अळी-अवस्थेत भरपूर असतं, दुसरीत ओसरतं. ते ओसरलं नाही, तर अळी पहिल्या अवस्थेतलीच कामं पुन्हा पुन्हा करत बसते. हा लगाम जनुकाच्या आधीच्या तुकड्यात नाहीच. प्रथिन बनवण्याचा संदेश जनुकाची आरएनए-प्रत नेते; लिन-४ नावाचा चिमुकला आरएनए लिन-१४च्या या संदेशाच्या शेवटच्या भागाला चिकटतो आणि प्रथिन बनणं रोखतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी हे १९९३मध्ये दाखवलं.

म्हणजे नुसता जनुकाच्या आधीचा तुकडा जोडून दिवा लावला, तर लिन-१४ कधी ओसरलं ते दिसणारच नाही. म्हणून आता हिरवं जनुक कृमीच्या स्वतःच्या जनुकातच, मूळ जागी बसवतात, शेवटच्या भागातला लगाम शाबूत ठेवून.