तीव्र मध्यम आणि हिरवा धूर

(गिरगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पेटी मुद्दाम आणली आहे. हेवी मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक संगीत, आणि स्वस्तातले भयपट असा विषय, मग पेटी कशाला, असं पहिल्या रांगेतल्या काकांनी मघाशी विचारलं. आधी वाजवतो, मग बोलतो.

पांढरी पाचला सा धरला. खालचा सा. आता वरचा सा. आणि आता उतरून मधोमध, काळी एकवर. इथेच थांबतो. पुढे जात नाही.

ऐकलंत ना? १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, इंग्लंडमध्ये ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम निघाला. पाऊस पडतोय, लांब कुठेतरी घंटा वाजतेय आणि मग गिटारवर हेच तीन स्वर येतात. मेटलची सुरुवात बहुतेक जाणकार तिथूनच धरतात.

गाणं शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हा सा आणि तीव्र मध्यम. सप्तकाला बरोबर मधून चिरणारा स्वर, सहा अर्धस्वर खाली आणि सहा वर. आपल्या कानाला तो परका नाही, संध्याकाळी यमन लागला की तो घरात येतोच. पण यमनात त्याच्या एका बाजूला गंधार असतो, दुसऱ्या बाजूला पंचम. माणसांत वावरतो तो. बर्मिंगहॅमच्या या चौघांनी त्याला टेकायला पंचम ठेवलाच नाही. उघड्या माळावर एकटा उभा केला आणि वर त्याला कापरं भरवलं. भीती त्या एकटेपणातून येते. युरोपात या अंतराला लॅटिनमध्ये 'संगीतातला सैतान' म्हणत आणि चर्चने त्यावर बंदी घातली होती, अशी एक गोष्ट चाहते नेहमी सांगतात. नाव खरं आहे, बंदीला मात्र पुरावा नाही. मला त्या गोष्टीची गरजही वाटत नाही. स्वर पुरेसा आहे.

गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. घरी पडून असताना कारखान्याच्या मॅनेजरने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्टची. आगीत दोन बोटं निकामी झाल्यावर उरलेल्या बोटांनी वाजवणारा हा माणूस. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून हलक्या बँजोच्या तारा लावल्या. पुढे तारा उतरवून सैल केल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधली काही गाणी तर नेहमीच्या स्वरापेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. तार उतरली की आवाज जड होतो, पोटात जाऊन बसतो. आज जगभर हजारो पोरं गिटार उतरवून लावतात. ती एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांची सोय होती.

माझे वडील लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. साचेखातं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. शेकडो साचे एकदम चालतात, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, कामगार ओठांवरून बोलणं ओळखतात. ब्याऐंशीच्या संपानंतर आमच्या घरी त्या आवाजाचं नाव कोणी काढत नसे. मी कॉलेजात असताना मित्राकडून भरून आणलेली कॅसेट लावली. 'बंद कर' ऐकायची माझी तयारी होती. दादा, म्हणजे वडील, पाय दुमडून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या खात्यासारखं वाजतंय." आणि डोळे मिटून ती बाजू संपेपर्यंत बसले. बर्मिंगहॅमकडचे वादकही आपल्या आवाजामागे कारखान्यांचा दणदणाट होता असं सांगत आलेत. ते मी नंतर वाचलं. दादांनी आधी ऐकलं होतं.

आता त्या बँडच्या नावाची गोष्ट. आधी त्यांचं नाव होतं 'अर्थ' (Earth), म्हणजे इंग्रजीत पृथ्वी. ते तालीम करायचे तिथून समोर एक थिएटर होतं. मारिओ बावा यांचा १९६३ चा भयपट, बोरिस कार्लॉफ असलेला, तिथे लागला होता. इंग्रजी नाव 'ब्लॅक सबाथ'. बाहेर रांग. या पोरांना नवल वाटलं की घाबरायला माणसं पैसे मोजतात, मग घाबरवणारं संगीत का करू नये? म्हणजे मेटलचं बारसंच भयपटाच्या दारात झालं. मला ही दोन्ही वेडं लागली, त्यात नवल नाही. एकाच घरची आहेत ती.

आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने यायचा. एका रात्रीला तीन कॅसेट, खोलीमागे वर्गणी. दोन कौटुंबिक पिक्चर झाले की बारीक पोरांना झोपवायचं आणि मग तिसरा लागायचा. तो रामसेंचा.

एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले. १९७० साली त्यांचा एक चित्रपट पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता आणि तेवढ्या प्रसंगाला थिएटर दचकत होतं. मुलांनी वडिलांना सांगितलं, अख्खा पिक्चरच असा करू. सात भाऊ. सिनेमॅटोग्राफीवरचं एक इंग्रजी पुस्तक वाचून कामं वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण आवाज, कुमार लेखन, अर्जुन संकलन, केशू पडेल ते. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून चाळीसेक दिवसांत केला, खर्च सुमारे साडेतीन लाख. घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक करत. आपल्या दशावतारी मंडळाचा संसार असाच चालतो, पेटारे डोक्यावर घ्यायचे आणि जिथे जत्रा तिथे चूल.

१९८४ चा 'पुराना मंदिर' आठवा. त्यातला राक्षस, सामरी, झालेले अजय अगरवाल शिक्षणाने इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण, एवढ्यावर रामसेंनी अख्खा राक्षस उभा केला. दिव्यावर हिरवं जिलेटिन, लाल जिलेटिन, धूर, करकरणारं दार. बावासुद्धा रंगीत दिव्यांसाठीच नावाजलेले, हा धागा मला फार आवडतो. आणि पुढे १९९३ पासून झी टीव्हीवर रामसेंची भुतं दर आठवड्याला घरोघरी आली.

कमी पैशांतल्या युक्त्यांचं जगभर हेच झालंय. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली पिट्सबर्गजवळ कृष्णधवल भयपट काढला, त्यात रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. काळ्यापांढऱ्यात कोणाला कळणार! सॅम रायमी यांनी फळीला कॅमेरा बांधला, दोन माणसांनी ती फळी धरून रानातून धाव घेतली आणि न दिसणारं भूत पडद्यावर पळायला लागलं. जॉन कार्पेंटर यांच्याकडे १९७८ साली तीनेक लाख डॉलर होते, हॉलिवुडच्या हिशेबाने चिल्लरच. खुन्यासाठी दुकानातला एक रबरी मुखवटा आणून पांढरा रंगवला. संगीताला पैसे नव्हते म्हणून स्वतःच वाजवलं, पाच मात्रांत. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढं. चार मात्रांची सवय झालेल्या कानाला प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखं होतं.

लोक मला विचारतात, मुखवट्याची कड दिसते, दोरी दिसते, मग भीती कसली? मी कोकणातला. आमच्या गावी दशावतारात पाठीमागे एक पडदा, पुढे एक बाकडं. त्या बाकड्याचा राजवाडा होतो, तेच पुढच्या प्रवेशात रान होतं. लक्ष्मी झालेला पुरुष काल आमच्याकडे नारळ पाडायला आला होता हे गावाला ठाऊक असतं. काळा संकासूर लाल जीभ लोंबवत येतो तेव्हा ती जीभ कापडाची आहे हे शेंबड्या पोरालाही दिसतं, तरी ते पोर आईच्या पदरात शिरतं. नट अर्धं करतो आणि बघणारा अर्धं. पैसे जितके कमी, तितका बघणाऱ्याचा वाटा मोठा. कोट्यवधींच्या संगणकी राक्षसात मला करायला काही उरत नाही, म्हणून मी त्याला पटकन विसरतो. सामरीत माझ्या चाळीची, माझ्या आठ-दहा वर्षांच्या वयाची भर आहे.

सगळंच चांगलं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. भुताच्या नावाखाली बाईला पाण्यात उतरवायचं आणि कॅमेरा तिथेच रेंगाळत ठेवायचा, असे पिक्चर ढिगाने निघाले. रामसेही त्यातून सुटलेले नाहीत. तिथे मला घाबरायला होत नाही, लाज वाटते. आणि मेटलमध्ये केवळ किळस आणण्याची चढाओढ लागते, तीही मला कंटाळवाणी वाटते. चाहता म्हणून हे बोललंच पाहिजे.

मेटलमध्ये ऐकणाऱ्याचा वाटा कुठे, तर तो अंगात. धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक व्हायचा. हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला. वर उघडं आभाळ, शेजारी कॉलेज, काळे टी-शर्ट घातलेली पोरं. मी लालबागहून चालत जायचो. पहिल्यांदा मॉश पिटमध्ये, म्हणजे मंचासमोर धडका देत नाचणाऱ्या गर्दीत, ओढला गेलो तेव्हा वाटलं, मारामारी चाललीय. दोन मिनिटांत पडलो. पडलो तोच चार हातांनी उचलला आणि पाचव्याने चष्मा शोधून दिला. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला न लिहिलेला नियम. गोविंदाचे थर कोसळतात तेव्हा खालची पोरं हात वर करतात ना, तसंच. गणपतीत ढोल-ताशा छातीवर घेतलेल्या माणसाला डबल बेस ड्रम, म्हणजे मेटलमधला दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम, समजावून सांगावा लागत नाही. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्यापासून शंभर मीटरचं शांतता क्षेत्र ठरलं आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. नियमामागचं कारण मला मान्य आहे, आजाऱ्याला झोप हवीच. पण त्या जागेच्या बदल्यात सामान्य पोराला लोकलच्या पासात पोहोचता येईल अशी दुसरी जागा शहराने दिली नाही, ही सल जात नाही.

मग १ फेब्रुवारी २००८. आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यांच्या जगदौऱ्याची सुरुवातच इथून झाली आणि बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन बोइंग ७५७ स्वतः चालवत आला होता. मंचावर त्यांचा एडी आला, बँडचं भूतच ते, ममीच्या अवतारात. शेजारचा मुलगा ओरडला, "आला रे आला!" तो आवाज मी जत्रेत ऐकला आहे, संकासुराच्या प्रवेशाला.

आणि आता आपली पोरं. २००३ साली मुंबईत बँड निघाला, नाव भयानक मौत. नाव वाचलं आणि मला आमचा भाड्याचा व्हीसीआर दिसला. डेमॉनिक रिसरेक्शन हा २००० सालचा मुंबईचाच बँड. त्यांनी २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणं. नरसिंहाला मेटल इतकं शोभतं! खांब फुटतो, आतून गुरगुर येते. आमच्या गावी त्या प्रवेशाला मृदंग जे करतो तेच इथे ड्रम करतात. गावच्या एका जुन्या मृदंगवाल्यांना मी ते हेडफोनवर ऐकवलं. त्यांनी गुडघ्यावर बोटांनी लय धरली आणि म्हणाले, "हातात दम आसा."

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो आणि मग पुन्हा पेटी घेऊ, ज्यांना वाजवून बघायचंय त्यांनी पुढे या. आईचं वय आता अठ्ठ्याहत्तर. रात्री तिला झोप लागत नाही म्हणून मी रामसेंचा एक जुना पिक्चर लावला, आवाज बारीक करून. हिरवा धूर आला, पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरायला लागली. आई उठून बसली, चष्मा लावला आणि पडद्याजवळ सरकून बारकाईने बघत राहिली.

"काय गो?" मी विचारलं.

"पाय सरळ दाखवल्यानी," ती म्हणाली. "हडळीचे पाय उलटे असतत. ह्यांका कोणी सांगूक नाय?"

मग तिने मला दिवा घालवायला सांगितला.