जिभेखालची गोळी आणि खिशातली गोळी

(ज्येष्ठ नागरिकांच्या सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका रात्रीपासून करतो. काही वर्षांपूर्वी मी रात्रपाळीला असताना साठीच्या आसपासच्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा आणि सून रिक्षात घालून घेऊन आले. छातीत दुखू लागले म्हणून मुलाने घरात ठेवलेली सॉर्बिट्रेटची गोळी त्यांच्या जिभेखाली दिली होती, आणि एरवी त्यात काही चुकले नसते; पण थोड्याच वेळात गृहस्थ घामाने थबथबले, त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आमच्याकडे पोहोचले तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब ७० वर आला होता. कोणकोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर मुलाने बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची अशी सगळी नावे धडाधड सांगितली. वडील गप्प होते. मी दोघांना केसपेपर काढायला पिटाळले, पडदा ओढला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्यांनी तोंडाने काही न बोलता सदऱ्याच्या खिशाकडे बोट केले. खिशात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा होता. त्यात एक गोळी शिल्लक होती आणि एक घर रिकामे होते. पाय उंचावर ठेवून, सलाइन लावून ते सावरले, हे त्यांचे नशीब.

ती गोळी सिल्डेनाफिलची, म्हणजे ‘व्हायग्रा’ या नावाने गाजलेल्या औषधाची होती. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील शास्त्रज्ञांनी हे औषध शोधले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हृदयशूळाचे रुग्ण होते. छातीतल्या दुखण्यावर त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही, पण चाचणीतील पुरुषांनी एक वेगळाच परिणाम कळवला आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत ते लिंगाला ताठरता न येण्याच्या तक्रारीसाठी मंजूर झाले. म्हणजे हृदयाच्या औषधाशी या गोळीचे नाते जन्मापासूनचे आहे, आणि धोकाही नेमका त्याच नात्यात आहे. लैंगिक उत्तेजना झाली की मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यामुळे सीजीएमपी नावाचे द्रव्य तयार होते, ते स्नायूंना सैल करते आणि रक्त आत भरते. पुढे पीडीई-५ नावाचे विकर (एन्झाइम) हे द्रव्य मोडून टाकते. आपली गोळी या विकराला अडवते, एवढेच तिचे काम. उत्तेजनाच नसेल तर अडवायलाही काही नसते, म्हणून ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. गोळी घेऊन बातम्या पाहत बसलेल्या माणसाला फार तर डोकेदुखी मिळेल.

आता नायट्रेट, म्हणजे छातीदुखीवरच्या त्या जिभेखालच्या गोळीच्या गटातले औषध, काय करते ते पाहा. सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीन शरीरभर नायट्रिक ऑक्साइडच पुरवते. थोडक्यात, एकाने नळ पूर्ण सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा लावायचा, असा हा प्रकार होतो; सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि आधीच उपाशी असलेल्या हृदयाला रक्त आणखी कमी मिळते. म्हणून ज्याला नायट्रेट चालू आहे, मग ते रोजचे असो, फवारा असो, त्वचेवर लावायची पट्टी असो किंवा निकोरँडिलसारखे त्याच कुळातले औषध असो, त्याने ही गोळी घ्यायचीच नाही. निम्मी घेऊ का, हा प्रश्नही विचारू नये. आणि ज्याने गोळी घेतली आहे त्याला सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि त्याच कामाच्या टॅडालाफिल या दुसऱ्या औषधानंतर किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही, कारण टॅडालाफिलचा अंमल ३६ तासांपर्यंत टिकतो. शनिवारी रात्री घेतलेल्या टॅडालाफिलचा हिशेब सोमवारी रात्रीपर्यंत ठेवावा लागतो.

या वयोगटात आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला विशेष काळजीची वाटते. प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास होतो म्हणून तुमच्यापैकी काहींना रोज ५ मिलिग्रॅम टॅडालाफिल दिलेले असू शकते, कधी टॅम्सुलोसिन या प्रोस्टेटच्याच दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत. रुग्णाच्या लेखी ती ‘लघवीची गोळी’ असते. ती आपण रोज घेतो हे ठाऊक नसल्यामुळे तो मित्राने दिलेली ‘ती’ गोळी वर घेतो, आणि एकाच कुळातली दोन औषधे पोटात जातात; शिवाय टॅम्सुलोसिन, प्राझोसिन यांसारखी औषधे स्वतःही रक्तदाब उतरवतात, त्यामुळे रात्री लघवीला उठल्यावर चक्कर येऊन न्हाणीघरात पडण्याचा प्रसंग येतो. तेव्हा स्ट्रिपवरचे बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव वाचा, चष्मा लावून वाचा. व्यापारी नावे पन्नास असतील. आतले औषध बहुधा सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलच असते.

पण वाचायला स्ट्रिप पूर्ण हवी ना! आपल्याकडे माणूस मेडिकलच्या दुकानात गर्दी कमी होईपर्यंत रेंगाळतो, हळू आवाजात ‘शंभरची दोन द्या’ म्हणतो, दुकानदार कात्रीने दोन घरे कापून कागदी पुडीत घालतो, आणि त्या कातरकामात औषधाचे नाव, मुदत, बॅच नंबर यांपैकी निदान एक तरी पलीकडच्या तुकड्यावर राहते. हे औषध कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. शिवाय ‘शंभरची’ ही मागणीच बहुधा चुकीची असते. सिल्डेनाफिलची नेहमीची सुरुवात ५० मिलिग्रॅमने होते; ६५ च्या पुढे वय असेल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, तर २५ ने. चोवीस तासांत एकदाच, संबंधापूर्वी साधारण तासभर आधी घ्यायची असते. तुपकट, तळकट जेवणावर घेतली तर ती उशिरा लागू पडते. मग ‘पहिलीने काही झाले नाही’ म्हणून दुसरी घेतली जाते आणि तासाभराने दोन्ही एकदम अंगावर येतात. दारूबरोबर घेणे म्हणजे रक्तदाब आणखी उतरवणे, आणि ज्यासाठी गोळी घेतली तेही बिघडवणे. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, बुरशीवरचे केटोकोनॅझोल, एचआयव्हीवरचे रिटोनाविर ही औषधे गोळीचा निचरा रोखतात, तेव्हा मात्रा डॉक्टरनेच ठरवावी.

ज्यांना या गोळ्या नकोशा वाटतात ते जाहिरातीतल्या चूर्णांकडे वळतात. अशा जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी त्या रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरून मोबाइलपर्यंत पोहोचल्याच आहेत. ‘संपूर्ण वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत चोरून सिल्डेनाफिल मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. नायट्रेट घेणारा माणूस ‘काढाच तर आहे’ म्हणून निर्धास्त राहतो, आणि तिथेच फसतो. मी आयुर्वेदाविरुद्ध बोलत नाही. लेबलवर खोटे लिहिण्याविरुद्ध बोलतो आहे.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, छातीत जळजळ होणे, क्वचित निळसर दिसणे, टॅडालाफिलने पाठ दुखणे हे त्रास बहुधा आपोआप जातात. दृष्टी किंवा ऐकू येणे अचानक गेले तर मात्र गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर तीही तातडीची बाब आहे, कारण आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो आणि ऊती कायमच्या निकामी होतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत हे होण्याची शक्यता अधिक असते; विदर्भातील आणि नंदुरबारकडील मंडळींनी ते खास ध्यानात ठेवावे. लाजेने सकाळची वाट पाहू नये.

आणि गोळीच्या आधी एक प्रश्न असतो, जो दुकानदार विचारणार नाही: ताठरता का गेली? लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे मधुमेहाने किंवा तंबाखूने रक्तवाहिन्या बिघडू लागल्या की तक्रार पुष्कळदा आधी इथे उमटते आणि छातीत काही वर्षांनी. म्हणून मी आधी रक्तदाब, साखर, चरबी तपासतो आणि दोन जिने चढून दम लागतो का, छातीत भरून येते का, हे विचारतो. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर गोळीचा विषय हृदयरोगतज्ज्ञाच्या संमतीशिवाय काढायचा नाही. कधी कधी दोष रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या चालू गोळीतच सापडतो, आणि ती बदलली की काम होते. पण ती मनाने बंद करू नये.

सांगितले तर छातीतल्या दुखण्यावर उपचारच मिळणार नाहीत, असे त्या गृहस्थांना वाटत होते. हे त्यांनी मला नंतर सांगितले. वस्तुस्थिती तशी नाही. फक्त नायट्रेट टाळायचे असते. ॲस्पिरिन, गुठळी विरघळवणारे औषध, अँजिओप्लास्टी हे सगळे करता येते. त्या रात्रीपासून छातीत दुखते म्हणून आलेल्या प्रत्येक पुरुषाला, तो पंचवीसचा असो की पंचाऐंशीचा, मी पडद्याआड एवढेच विचारतो: ‘काका, परवापासून ती गोळी घेतली आहे का? हो किंवा नाही, नुसती मान हलवा.’