'नॉट रिस्पाँडिंग' दिसलं, तर आधी थांबा

श्रोतेहो, नमस्कार. मार्चअखेरीचा हिशेब एक्सेलमध्ये चालू आहे, दुपारभराची मेहनत त्यात आहे, आणि एकाएकी स्क्रीन पांढुरकी पडते. वर पाटी येते, 'नॉट रिस्पाँडिंग'. माउस हलतो, क्लिक मात्र लागत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट पॉवरच्या बटणाकडे जातो. कृपा करून तो आवरा.

प्रोग्राम मेला, असं ती पाटी सांगत नाही. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला सतत निरोप धाडत असते: क्लिक झालं, बटण दाबलं, चित्र पुन्हा काढ. 5 सेकंद हे निरोप कुणी उचलले नाहीत, की ती पाटी लागते. आतमध्ये काम जोरात चालू असू शकतं.

ते पाहायचं टास्क मॅनेजरमध्ये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. आपल्या प्रोग्रामच्या ओळीत सीपीयूचा आकडा चढलेला असेल, तर बहुधा आकडेमोड चालू आहे. चहा घेऊन या. डिस्क 100 टक्क्यांवर असेल, तर मेमरी भरली आहे का पाहा, आणि ब्राउझरचे नको ते टॅब बंद करा.

खरी गंमत आहे ती सगळे आकडे शून्याजवळ असतात तेव्हा. प्रोग्राम कामात नाही, तो कुणाची तरी वाट पाहतोय. कुणाची? रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबवर त्या प्रोग्रामच्या नावावर राइट क्लिक करा आणि 'ॲनलाइझ वेट चेन' निवडा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममुळे तो अडला असेल, तर त्याचं नाव तिथे दिसू शकतं. ऑफिसात मला संशय घ्यावासा वाटतो तो प्रिंटरचा. वर्ड आणि एक्सेल पानाची मांडणी ठरवायला डीफॉल्ट प्रिंटरला विचारतात, आणि तो नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असेल, तर दोघं खोळंबतात. 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून पाहा. तुटलेला नेटवर्क ड्राइव्हही असाच त्रास देतो.

एक्सेल रोजच अडकत असेल, तर कंट्रोल दाबून धरून ते सुरू करा. म्हणजे ते सेफ मोडमध्ये, ॲड-इन (एक्सेलला जोडलेले जादा छोटे प्रोग्राम) बंद ठेवून उघडतं. तसं नीट चाललं, तर ते ॲड-इन तपासा. अख्ख्या कॉलमवर टाकलेली सूत्रंही बघा. एका कॉलममध्ये 10,48,576 ओळी असतात. कॅल्क्युलेशन 'मॅन्युअल' ठेवा, हवं तेव्हा एफ 9 दाबा.

बराच वेळ थांबूनही काही हललं नाही, तरच टास्क मॅनेजरमधलं 'एंड टास्क'. ऑटोरिकव्हर, म्हणजे चालू फाइलची प्रत आपोआप राखून ठेवणं, मुळात दर 10 मिनिटांनी होतो. आजच तो 2 मिनिटांवर आणून ठेवा. एक्सेल पुन्हा उघडल्यावर वाचलेली फाइल समोर आली, तर ती आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मगच जुनीशी ताडून पाहा.